बोरोबुदूर : दगडातील पाठशाळा आणि तिचा झाकलेला पाया

आमच्या ग्रंथालयात, वर्तमानपत्रांच्या मांडणीवरच्या भिंतीवर, एका डोंगरासारख्या वास्तूचे मोठे छायाचित्र अनेक वर्षांपासून लावलेले आहे. खाली पहाटेचे धुके, त्यातून वर आलेले जाळीदार स्तूप, आणि एका स्तूपाची जाळी नसल्यामुळे उघड्यावर बसलेली एक बुद्धमूर्ती. वसतिगृहात नव्याने दाखल झालेली मुले दरवर्षी त्या चित्रापुढे थबकतात आणि ठरलेले तीन प्रश्न विचारतात : हे कोठे आहे? हे कोणी बांधले? आणि ही एकच मूर्ती बाहेर का बसली आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही नकाशावर बोट ठेवून देतो. उरलेल्या दोहोंची उत्तरे मात्र तास संपत आल्याच्या घाईत दिली गेली, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना ती अर्धवट मिळाली ते विद्यार्थी आज स्वतः पालक झाले आहेत. स्मरणिकेच्या निमित्ताने ही जुनी बाकी फेडावी, असा या लेखाचा हेतू आहे.

इंडोनेशियातील जावा बेटाच्या मध्यभागी, योग्यकार्ता शहराच्या वायव्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर, केडूचे सुपीक मैदान आहे. मेरापी, मेरबाबू, सुंबिंग आणि सुंदोरो हे ज्वालामुखी त्याच्या कडेला उभे आहेत. मैदानातून प्रोगो आणि एलो या नद्या वाहतात. त्यांच्यापासून जवळच, एका नैसर्गिक टेकडीवर, शैलेंद्र राजवंशाच्या काळात ही वास्तू उभी राहिली. इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या अखेरीस काम सुरू होऊन नवव्या शतकाच्या पूर्वार्धात ते पुरे झाले, असे अभ्यासक मानतात. मानतात असेच म्हणावे लागते, कारण आपण ही वास्तू बांधली असे सांगणारा एकाही राजाचा लेख तिच्यावर नाही. स्थानिक लोक गुणधर्म नावाच्या स्थपतीचे नाव घेतात आणि दक्षिणेकडील मेनोरेह डोंगरांची शिरोरेषा दाखवून, तो पाहा तेथे निजला आहे, असे सांगतात. ती लोककथा आहे. पण राजाऐवजी बांधणाऱ्याची आठवण जपणारी लोककथा आम्हांला आवडते.

बोरोबुदूरला गाभारा नाही, सभामंडप नाही, आत शिरावे अशी एकही खोली नाही. टेकडीलाच दगडांचे वस्त्र नेसवलेले आहे. पाया सुमारे १२३ मीटर बाजूचा चौरस. त्यावर एकावर एक लहान होत जाणारे चौरस मजले, त्यांवर तीन वर्तुळाकार गच्च्या, आणि सर्वांत वर एक भव्य, बंद स्तूप. आजची उंची सुमारे ३५ मीटर. नदीपात्रांतून आणलेले करड्या अग्निजन्य खडकाचे सुमारे वीस लाख चिरे चुना किंवा अन्य कोणताही सांधा न वापरता, केवळ खाचा आणि खुंट्या जुळवून बसवले आहेत. कठड्यांच्या कोनाड्यांत ४३२ आणि वरच्या जाळीदार स्तूपांत ७२, अशा मिळून ५०४ बुद्धमूर्ती येथे बसवलेल्या होत्या. पूर्वेकडच्या मूर्ती भूमिस्पर्श मुद्रेत, दक्षिणेच्या वरद, पश्चिमेच्या ध्यान आणि उत्तरेच्या अभय मुद्रेत आहेत. म्हणजे धुक्यात वाट चुकलेल्या यात्रेकरूने मूर्तीच्या हाताकडे पाहिले तरी त्याला दिशा कळावी.

भिंतींवर २,६७२ शिल्पपट आहेत. त्यांपैकी १,४६० कथा सांगतात. त्या वाचण्याचा एक क्रम आहे. पूर्वेच्या दारातून शिरायचे, वास्तू उजव्या हाताला ठेवायची आणि चालू लागायचे. पहिल्या प्रदक्षिणापथावर चित्रांच्या चार रांगा आहेत, म्हणून तेथे चार फेऱ्या. त्यापुढच्या तीन पथांवर दोन-दोन रांगा, म्हणून प्रत्येकी दोन. सर्व पाठ पुरा करायचा तर दहा प्रदक्षिणा होतात. पोथी आपण हातात धरून उलटतो. येथे वाचकालाच पोथीभोवती फिरावे लागते.

पहिल्या पथाच्या मुख्य भिंतीवर, वरच्या रांगेत, १२० पटांत ‘ललितविस्तर’ या ग्रंथानुसार तथागतांचे चरित्र येते. ते तुषित लोकापासून सुरू होते आणि सारनाथच्या पहिल्या प्रवचनापाशी थांबते. कुशीनगरपर्यंतचा क्रम आमच्या मुलांना पाठ असतो, त्यामुळे पुढची चित्रे कोठे गेली, असे ती विचारतात. ती हरवलेली नाहीत. मूळ ग्रंथच तेथे संपतो. गुरू शिकवू लागला, एवढ्यावर कथा पूर्ण होते. खालच्या रांगेत आणि कठड्यांवर जातककथा व अवदाने आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवर रंगांत पाहिलेल्या कथांचे भाईबंद येथे दगडात भेटतात. या भागात शिडांची, बाजूला तरंगते ओंडके बांधलेली मोठी जहाजे कोरलेली आहेत. ती इतकी बारकाईने कोरली आहेत की त्यांच्या आधारे बांधलेले ‘समुद्र रक्ष’ नावाचे लाकडी जहाज २००३-०४ मध्ये जावापासून आफ्रिकेतील घानापर्यंत खरोखर जाऊन पोहोचले.

मात्र शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग दुसऱ्या पथापासून पुढे आहे. तेथे ४६० पटांत ‘गंडव्यूह’ ग्रंथातील सुधन नावाच्या तरुणाची कथा चालते. सुधनाला मंजुश्री सांगतो की, ज्ञान हवे असेल तर कल्याणमित्रांकडे जा. आणि मग तो चालत राहतो. त्याला भेटणारे गुरू सगळेच भिक्षू नाहीत. त्यांत एक खलाशी आहे, एक सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, राजा आहे, उपासिका आहेत, गणिका आहे आणि एक लहान मुलगाही आहे. प्रत्येक जण आपल्याला जेवढे येते तेवढे शिकवतो आणि पुढच्याचा पत्ता देतो. ‘मला एवढेच माहीत आहे, पुढचे त्याला विचार’ असे प्रांजळपणे म्हणणाऱ्या पन्नासहून अधिक गुरूंची ही रांग दगडात कोरून ठेवावी असे ज्यांना वाटले, त्यांनी शिक्षणाचा विचार फार खोलवर केला असला पाहिजे.

तीन वर्तुळाकार गच्च्यांवर पोहोचले की चित्रे संपतात. उरते फक्त आकाश, ७२ जाळीदार स्तूप आणि प्रत्येकात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेत बसलेली, फटीतून अर्धीमुर्धी दिसणारी मूर्ती. छायाचित्रात बाहेर दिसते ती त्यांपैकीच एक. पडलेली जाळी तिच्यावर पुन्हा चढवलेली नाही, म्हणून ती उघड्यावर आहे. मुलांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके साधे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर मिळत नाही. त्यासाठी खाली, पायाशी यावे लागते.

१८८५ साली योग्यकार्ता येथील पुरातत्त्व मंडळाचे डच अध्यक्ष आयझरमन यांच्या लक्षात आले की, पायाभोवतीचा रुंद दगडी चौथरा मूळचा नसून नंतर रचलेला आहे, आणि त्याच्या आड आणखी एक भिंत आहे. काही चिरे काढल्यावर आतून शिल्पपट निघाले. १८९० आणि १८९१ या वर्षांत तो चौथरा थोडा थोडा उकलण्यात आला. उघडा झालेला भाग टिपायचा, चिरे परत बसवायचे आणि पुढे सरकायचे, अशा रीतीने सर्व १६० पटांची छायाचित्रे घेण्यात आली. ती घेणारे कासियान सेफस हे सुलतानाच्या दरबारातील छायाचित्रकार स्वतः जावानी होते. काचेच्या पट्ट्या आणि अवजड कॅमेरा घेऊन त्यांनी हे काम केले. भिंत पुन्हा झाकली गेली. आज जगाला या पायाविषयी जे माहीत आहे, ते बहुतांशी सेफस यांच्या त्या छायाचित्रांवरून.

या पटांत तथागत नाहीत, सुधनही नाही. कर्म आणि त्याचे फळ सांगणाऱ्या ‘महाकर्मविभंग’ या ग्रंथाची ही चित्रे आहेत, हे फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी पुढे ओळखले. त्यामुळे येथे साधी माणसे भरली आहेत. कोणी मासे व कासवे मारत आहे, आणि शेजारीच त्या कृत्याची भयंकर परिणती दाखवली आहे. कोणी मद्य पीत आहे, कोणी चहाडी करत आहे. वाद्ये वाजवणारे कलावंत आहेत. एका पटात आजारी माणसाला घेरून बसलेले आप्त त्याचे अंग चोळत आहेत. नवव्या शतकातील जावामध्ये घर कसे होते, भांडी कशी होती, लोक कसे बसत व काय नेसत, हे राजांच्या ताम्रपटांतून कळत नाही. ते येथे दिसते.

काही पटांच्या वरच्या कडेला प्राचीन जावानी लिपीत एक-एक, दोन-दोन शब्द कोरलेले आहेत. ते भाविकांसाठी नव्हते. या ठिकाणी काय कोरायचे आहे, याची शिल्पकारांना दिलेली ती सूचना होती, आणि काम पुरे झाल्यावर ती घासून टाकायची असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. शब्द संस्कृत आहेत : विरूप, अभिध्या, व्यापाद, कुशल, स्वर्ग, घंटा, चैत्यवंदना. आमच्या वंदनेच्या वेळी बसणाऱ्या कोणत्याही मुलाला यांतले निम्मे शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत. हजारो किलोमीटर दूर, समुद्रापलीकडे, कोणी एक देखरेख करणारा हातात लोखंडी टोक घेऊन दगडावर ‘विरूप’ असे लिहितो आणि पाथरवटाला सांगतो, येथे कुरूप चेहरे काढ. पाथरवट वाकडी तोंडे काढतो. बोरोबुदूर कोणी बांधले, या प्रश्नाला बांधणाऱ्यांच्या हातचे जे उत्तर शिल्लक आहे ते एवढेच, आणि त्यात नावे नाहीत. शिवाय काही पट अर्धवट आहेत. म्हणजे छिन्नी चालू असतानाच कोणीतरी थांबायला सांगितले.

का सांगितले, यावर मतभेद आहेत. नरकाची भीषण चित्रे यात्रेकरूंपासून लपवायची होती, असे काही म्हणतात. आम्हांला मात्र बांधकामाचे कारण अधिक पटते. टेकडीवर टाकलेल्या मातीच्या भरावाचा आणि वर चढत गेलेल्या दगडांचा भार पायाला पेलवेना. वास्तू बाहेर सरकू लागली. तेव्हा तिला आवळून धरण्यासाठी भोवती हजारो घनमीटर दगडांचा पट्टा घालावा लागला. कोरलेली सुंदर भिंत त्याखाली गेली. वास्तू वाचवण्यासाठी तिचा एक भाग स्वतःच्या हाताने झाकण्याचा निर्णय त्या माणसांनी घेतला.

पण सरकणे पूर्ण थांबले नाही, कारण खरा शत्रू होता पाणी. ज्या माजी विद्यार्थ्यांनी आमच्या जुन्या वसतिगृहात श्रावणातल्या रात्री गळत्या छपराखाली बादल्या सरकवत काढल्या, त्यांना बोरोबुदूरचा आजार वेगळा समजावण्याची गरज नाही. जावामध्ये पाऊस प्रचंड. बांधणाऱ्यांना ते ठाऊक होते, म्हणून त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांत मकरमुखाच्या सुमारे शंभर पन्हळी बसवल्या. मात्र चिऱ्यांचे सांधे उघडू लागताच पाणी पन्हळीतून बाहेर न पडता भरावात मुरू लागले. माती फुगली, खचली, भिंती कलल्या. आतला ओलावा दगडांतून बाहेर झिरपताना क्षार आणू लागला, वर शेवाळ वाढले, आणि हळूहळू चेहरे झिजू लागले. अशा वास्तूला सतत देखरेख हवी. ८४२ सालच्या एका जावानी लेखात, श्री कहुलुन्नान या राजकुलातील स्त्रीने ‘भूमिसंभार’ नावाच्या पवित्र स्थानाच्या देखभालीसाठी करमुक्त जमिनी नेमून दिल्याची नोंद आहे. ते स्थान म्हणजेच बोरोबुदूर, असे दे कास्पारिस या विद्वानांनी मांडले. ते खरे असेल, तर बांधणीबरोबरच दुरुस्तीचाही विचार झाला होता.

पुढे दहाव्या शतकात जावाचे सत्ताकेंद्र पूर्वेकडे सरकले आणि देखरेख करणारे हात कमी झाले. ज्वालामुखीची राख साचली, झाडे माजली. १८१४ मध्ये ब्रिटिश अंमलातील राज्यपाल रॅफल्स यांनी कोर्नेलिअस या डच अभियंत्याला तेथे पाठवले आणि त्याच्या दोनशे मजुरांनी दोन महिने झाडी तोडून, माती काढून वास्तू मोकळी केली. पाठ्यपुस्तके याला ‘शोध’ म्हणतात. अजिंठ्याबद्दलही तसेच लिहिले जाते. पण रॅफल्स यांना ही माहिती गावकऱ्यांकडूनच मिळाली होती. अठराव्या शतकातील एका जावानी बखरीत तर, योग्यकार्ताच्या एका राजपुत्राने मनाई असताना तेथे जाऊन ‘पिंजऱ्यात कोंडलेल्या योद्ध्या’चे दर्शन घेतले आणि परतताच त्याचा मृत्यू झाला, अशी कथा आहे. जाळीदार स्तूपातील मूर्तीचे याहून बोलके वर्णन कोणते असेल? लोक वास्तू विसरले नव्हते. ती कशासाठी आहे, हे विसरले होते.

उघडी झाल्यावर वास्तूचे हाल वाढलेच. पाऊस आता थेट लागू लागला. मूर्तींची मस्तके संग्राहकांच्या दिवाणखान्यांत गेली. १८९६ मध्ये सयामचे राजे चुलालोंगकोर्न आले, तेव्हा वसाहतीच्या सरकारने त्यांना आठ गाड्या भरून शिल्पे भेट दिली. त्यांपैकी काही आज बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ५०४ पैकी तीनशेहून अधिक मूर्ती आज भग्न आहेत आणि ४३ बेपत्ता आहेत. १९०७ ते १९११ या काळात थिओडोर व्हॅन एर्प या डच लष्करी अभियंत्याने वरच्या गच्च्या आणि स्तूप नीट रचले. मुख्य स्तूपावर त्याने छत्रही उभारले होते. परंतु त्यात मूळचे दगड पुरेसे नाहीत हे पाहून त्याने ते स्वतःच उतरवले. हा प्रामाणिकपणा आम्हांला फार मोठा वाटतो. ते छत्र पुन्हा चढवावे की नाही, यावर इंडोनेशियात अजूनही वाद चालू आहे.

व्हॅन एर्पच्या कामाने माथा सावरला, पण पोटातले पाणी तसेच राहिले. स्वतंत्र इंडोनेशियाच्या वाट्याला आलेल्या वास्तूच्या भिंती वर्षागणिक अधिक कलत होत्या. तेव्हा पुरातत्त्वज्ञ सुकमोनो यांच्या नेतृत्वाखाली, युनेस्कोच्या साहाय्याने आणि अनेक देशांच्या देणग्यांवर, १९७३ मध्ये एक विलक्षण काम सुरू झाले. वास्तू वाचवायची तर ती आधी उतरवावी लागणार होती. चौरस मजल्यांचे दहा लाखांहून अधिक चिरे एकेक करून काढले गेले. प्रत्येकावर क्रमांक घातला, प्रत्येकाची नोंद केली, शेवाळ व क्षार धुऊन काढले, तुटलेले सांधले. त्या नोंदींचा मेळ घालण्यासाठी, त्या काळी दुर्मीळ असलेल्या संगणकाची मदत घेतली गेली. मोकळ्या झालेल्या उतारावर प्रबलित काँक्रीटचे थर, पाणी अडवणारे पडदे आणि पाणी वाहून नेणारे नळ बसवले, आणि मग प्रत्येक चिरा आपल्या मूळ जागी परतला. सुमारे सहाशे लोक या कामावर होते. वरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. २३ फेब्रुवारी १९८३ रोजी वास्तू पुन्हा लोकांसाठी खुली झाली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २१ जानेवारी १९८५ रोजी, तेथे बॉम्बस्फोट घडवून आणण्यात आले आणि नऊ स्तूपांची मोडतोड झाली. ते पुन्हा रचले गेले. १९९१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आले. २०१० मध्ये मेरापीचा उद्रेक झाला, आसपासच्या गावांत मोठी मनुष्यहानी झाली आणि बोरोबुदूरवर राखेचा थर साचला. ती राख आम्लधर्मी असते; पावसाने चिखल होऊन पन्हळी व नळ तुंबले असते. म्हणून कर्मचारी आणि गावोगावचे स्वयंसेवक झाडू, कुंचले व बादल्या घेऊन चढले आणि त्यांनी मूर्तीमागून मूर्ती, सांध्यामागून सांधा साफ केला.

आज दगडाला राखेहून अधिक त्रास पायांचा होतो. पर्यटकांच्या पादत्राणांनी पायऱ्या घासून खोलगट झाल्या आहेत. म्हणून २०२३ पासून मर्यादित संख्येनेच, वाटाड्यासह, वर जाता येते आणि त्यासाठी एक विशिष्ट चप्पल घालावी लागते. केवड्याच्या कुळातील झाडाच्या पानांपासून विणलेली ही चप्पल परिसरातील गावकरीच तयार करतात. तिचे नाव आहे ‘उपानत’. संस्कृतातील उपानह आणि पालीतील उपाहन यांच्याच घरचा हा शब्द आहे. विनयपिटकात भिक्षूंनी पायात काय घालावे याची चर्चा ज्या शब्दाने होते, तोच जावामधल्या तिकीटखिडकीवर आजही ऐकू येतो.

पूर्वेच्या दाराने शिरण्याआधी आग्नेय कोपऱ्यापाशी थांबावे, अशी विनंती आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे कधी तेथे जातील त्यांना आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी ताब्याच्या काळात त्या कोपऱ्यातील काही चिरे दूर केले गेले आणि ते तसेच राहिले. १६० पैकी मोजके पट तेथे उघड्यावर दिसतात. बाकीचे खोलण्याचे धाडस १९७३ च्या मोहिमेनेही केले नाही, कारण तो चौथरा काढला तर वरचा सारा भार कोण पेलणार, हा प्रश्न आहेच. त्या मोजक्या पटांत वाकड्या तोंडांची काही माणसे आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर, घासून टाकायचा राहून गेलेला, ‘विरूप’ हा शब्द आहे.